ओटा, गटार आणि नोटीस : पनवेल नगरपालिका व रस्त्याकडेच्या अनधिकृत फेरबदलांचा प्रश्न (१८५२ ते २०१६)

प्रस्तावना :

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या इतिहासाचे लेखन करताना पाणीपुरवठा, शिक्षण, आरोग्य व करआकारणी या विषयांना साहजिकच अग्रस्थान दिले जाते. त्या मानाने घरापुढचा ओटा, गटारावर टाकलेली फरशी, रस्त्याकडे वाढविलेली पायरी किंवा दुकानापुढे काढलेली पत्र्याची शेड हे विषय क्षुल्लक मानले जातात. वस्तुतः नागरिक आणि नगरपालिका यांची गाठ सर्वांत जास्त वेळा पडते ती याच ठिकाणी. एका घरमालकाने दोन फूट पुढे सरकावे, शेजाऱ्याने त्याविरुद्ध अर्ज द्यावा आणि नगरपालिकेने काहीतरी ठरवावे किंवा काहीच ठरवू नये, हा क्रम महाराष्ट्रातील प्रत्येक जुन्या गावात पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. या लहानशा प्रसंगात खासगी मालकी, सार्वजनिक हक्क, शेजारधर्म आणि लोकनियुक्त सत्ता या चारही गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहतात.

पनवेल हे या अभ्यासासाठी विशेष योग्य गाव होय. येथील नगरपालिकेचा स्थापना दिन २५ ऑगस्ट १८५२ हा मानला जातो व राज्यातील आद्य नगरपालिकांमध्ये तिची गणना होते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि नगरपरिषदेचे पर्व संपले. म्हणजे १६४ वर्षांचा अखंड नागरी कारभार एकाच गावाच्या संदर्भात पाहता येतो.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) पनवेलच्या रस्त्यांचे ऐतिहासिक स्वरूप व रस्त्याकडेच्या बांधकामांची कारणे स्पष्ट करणे.
२) नगरपालिकाविषयक कायद्यांतून या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलत गेली याचा आढावा घेणे.
३) कारवाई करण्याच्या व न करण्याच्या निर्णयांचे शेजाऱ्यांच्या हक्कांवर होणारे परिणाम तपासणे.

प्रस्तुत लेखात वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचनाचा भर कायदे, न्यायनिर्णय व गावाचा प्रशासकीय इतिहास यांवर आहे. व्यक्तिगत तंटे हा लेखाचा विषय नाही.

रस्त्यावर वसलेले गाव :

पनवेलचे महत्त्व खाडी आणि रस्ता या दोहोंमुळे वाढले. मुंबईहून जलमार्गाने आलेला माल व प्रवासी पनवेलच्या बंदरात उतरत आणि तेथून घाटमार्गे देशावर जात. १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. त्यानंतर पनवेल ते पुणे हा मार्ग बैलगाड्यांनी गजबजून गेला. पनवेलमध्ये तयार होणारी गाड्यांची चाके प्रसिद्ध होती. देशावरून आलेले गाडीवान येथून चाकांची जोडी घेऊन परतत, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये आढळते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यावर दूरच्या मालवाहतुकीचा ओघ बदलला, तरी बाजारपेठ म्हणून गावाचे स्थान टिकून राहिले. पुढे मुंबई-पुणे व मुंबई-गोवा या दोन्ही महामार्गांचे पनवेल हे मोक्याचे ठिकाण बनले.

अशा गावात रस्त्याकडेच्या जागेला मोल येणे स्वाभाविक होते. बाजारपेठेतील घराचा पुढचा भाग दुकान, मधला भाग कोठार आणि मागचा भाग राहण्याची जागा अशी रचना कोकणातील जुन्या पेठांमध्ये सर्वत्र दिसते. दुकानाच्या पुढे ओटा असे. त्यावर माल मांडला जाई, गिऱ्हाईक टेके, संध्याकाळी शेजारीपाजारी बसत. कोकणातील पावसामुळे घराचे जोते उंच ठेवावे लागे. जोते उंच म्हटले की पायऱ्या आल्या आणि पायऱ्यांसाठी जागा रस्त्याच्याच बाजूला उपलब्ध होती. छपराच्या पागोळ्या भिंतीवर पडू नयेत म्हणून वळचण पुढे काढली जाई. म्हणजेच ज्यास आज अतिक्रमण म्हटले जाते त्याचा बराच भाग हवामान, व्यापार आणि वास्तुरचना यांच्या गरजेतून निर्माण झालेला आहे. मात्र गरजेतून निर्माण झालेली गोष्ट हळूहळू हक्क म्हणून सांगितली जाऊ लागते, आणि वादाला प्रारंभ होतो तो तेथे.

रस्ता आणि शेजार यांसंबंधीचे नियमन ही काही इंग्रजी राजवटीची देणगी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘धर्मस्थीय’ या तिसऱ्या अधिकरणात घरांच्या सीमा, सांडपाण्याची वाट, शेजाऱ्याला होणारा उपद्रव आणि मार्ग अडविण्याबद्दलचे दंड यांचा विचार आलेला आहे. पेशवेकालीन पुण्यात शहराचा बंदोबस्त कोतवालीकडे असे. तथापि रस्ता हा एका कायदेशीर संस्थेच्या स्वाधीन असतो आणि त्या संस्थेत रहिवाशांचेच प्रतिनिधी बसतात, ही कल्पना मात्र एकोणिसाव्या शतकात आली.

१८५० चा कायदा व संमतीचे तत्त्व :

पनवेलची नगरपालिका ज्या कायद्याच्या काळात स्थापन झाली तो १८५० चा सव्विसावा अधिनियम होय. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की गावातील रहिवाशांनी मागणी केल्याखेरीज तो लागू होत नसे. रस्ते, गटारे व तलाव बांधणे, दुरुस्त करणे व स्वच्छ ठेवणे, दिवाबत्ती करणे आणि उपद्रव रोखणे ही कामे त्यात अंतर्भूत होती. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे यांसारख्या तलावांच्या गावात स्वच्छतेचा प्रश्न जिव्हाळ्याचा होता, हे वेगळे सांगावयास नको.

संमतीच्या या तत्त्वामुळे एक अंतर्विरोध प्रथमपासूनच निर्माण झाला. ज्यांनी नगरपालिका मागितली तेच प्रामुख्याने गावातील व्यापारी व प्रतिष्ठित मंडळी होते आणि बाजारपेठेतील रस्त्याकडेच्या मिळकतीही याच वर्गाकडे होत्या. नियम करणारा आणि नियमाची झळ ज्याला बसावयाची तो, हे दोघे एकाच आळीत राहत होते. लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याला लोकशिक्षणाचे साधन मानले आणि त्यानंतर १८८४ च्या मुंबई कायद्याने लोकनियुक्त सभासदांचे प्रमाण वाढविले. त्यामुळे सत्तेचा पाया रुंदावला, परंतु शेजाऱ्याविरुद्ध निर्णय घेण्याचा संकोच त्यामुळे दूर झाला नाही. मतदाराच्या दारातील पायरी तोडण्याचा ठराव मांडणे हे कोणत्याही सभासदाला अवघडच होते.

कायद्याच्या भाषेत ओटा :

१९०१ चा मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियम हा या विषयातील महत्त्वाचा टप्पा मानावा लागेल. त्याच्या कलम १२२ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर भिंत, कुंपण, खांब, दुकानाची फळी, ओसरी, ओटा, जोते, पायरी अशा गोष्टी उभारणे किंवा माल ठेवून अडथळा करणे हा शिक्षेस पात्र प्रकार ठरविण्यात आला व ते काढून टाकण्याचा अधिकार नगरपालिकेस मिळाला. गावगाड्यातील नेहमीच्या वस्तूंची ही यादी वाचली म्हणजे कायदा करणाऱ्यांनी येथील रस्ता बारकाईने पाहिला होता हे जाणवते.

या कायद्याने दोन प्रकारांत भेद केला. परवानगीशिवाय नव्याने उभारलेली गोष्ट एका बाजूस, तर पूर्वी कायदेशीररीत्या अस्तित्वात आलेला पुढे आलेला भाग दुसऱ्या बाजूस. दुसऱ्या प्रकारातील भाग काढावयास लावल्यास भरपाईची तरतूद होती. त्यामुळे प्रत्येक तंट्यात कालाचा प्रश्न निर्णायक ठरू लागला. हा ओटा केव्हाचा, आजोबांच्या वेळचा की मागील वर्षीचा, याचा पुरावा कोणी द्यावयाचा? जुन्या गावात नकाशापेक्षा वडीलधाऱ्यांची साक्ष अधिक सहज उपलब्ध होती आणि ती साक्ष देणाराही शेजारीच असे. सण व समारंभांच्या वेळी रस्त्यावर तात्पुरती उभारणी करू देण्याची मुभाही कायद्याने नगरपालिकेस दिली. लग्नाचा मांडव आणि उत्सवाचा मंडप यांना त्यामुळे कायदेशीर वाट मिळाली.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम, १९६५ लागू झाला. कलम १७९ मध्ये रस्त्यावरील अडथळे व अतिक्रमणे यांविषयीची तरतूद जवळपास त्याच वस्तूंच्या यादीसह पुढे चालू राहिली. मुख्याधिकारी हा शासननियुक्त अधिकारी अंमलबजावणीचा प्रमुख झाला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६६ मध्ये, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. त्यामुळे एकाच पायरीकडे दोन कायद्यांच्या नजरेने पाहणे शक्य झाले. नगरपालिका कायद्याच्या दृष्टीने ती रस्त्यातील अडथळा, तर नगररचना कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना विकास. हा फरक केवळ शाब्दिक नाही. नगररचना कायद्यानुसार नोटीस मिळालेल्या व्यक्तीस बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करता येतो. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळ्याला मात्र अशी नियमित होण्याची वाट नाही, कारण रस्त्याची जागा अर्जदाराची नसतेच. कोणत्या कलमाखाली नोटीस काढली यावरच पुष्कळदा प्रकरणाचे भवितव्य ठरते, ते यामुळे.

शेजारी : तक्रारदार, प्रतिवादी आणि साक्षीदार :

रस्त्याकडेच्या फेरबदलाची पहिली झळ शेजाऱ्यास बसते. एकाने ओटा वाढविला की दुसऱ्याचे दुकान आत गेल्यासारखे दिसते. एकाने जोत्यापुढे भराव घातला की पावसाचे पाणी दुसऱ्याच्या दारात शिरते. एकाने गटारावर कायमची फरशी बसविली की सफाई कामगारास गाळ काढता येत नाही आणि तुंबलेले पाणी वरच्या अंगाच्या घरांत उलटते. २६ जुलै २००५ रोजी मुंबई, ठाणे व रायगड परिसरात झालेल्या अतिवृष्टीने पाण्याच्या वाटा अडविण्याचे परिणाम किती भयंकर असू शकतात हे दाखवून दिले. गाढी नदी व खाडी यांच्या सान्निध्यात वसलेल्या पनवेलसारख्या सखल गावात गटार ही नगण्य बाब राहत नाही.

शेजाऱ्यांमधील परस्पर हक्क आणि रस्त्यावरील सार्वजनिक हक्क यांची नेहमी गल्लत केली जाते. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमानुसार वीस वर्षे उघडपणे व विनाअडथळा उपभोग घेतल्यास उजेड, वारा, वाट किंवा पागोळ्यांचे पाणी यांबाबतचा हक्क शेजाऱ्याच्या मिळकतीवर प्राप्त होऊ शकतो. परंतु असा हक्क सांगून सार्वजनिक रस्ता अडविता येत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेने सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या करतानाच, त्यातून कोणाची तरी सोय होते या कारणाने तो क्षम्य ठरत नाही, असे स्पष्ट केले होते. ‘माझ्या ओट्याचा लोकांनाही उपयोग होतो’ हा नेहमीचा बचाव कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच अमान्य केला आहे.

घरपट्टीची पावती हा असाच दुसरा गैरसमज. वाढीव भागाची आकारणी झाली म्हणजे तो भाग अधिकृत झाला, असे अनेक मिळकतधारक मानतात. कर आकारणे व बांधकामास परवानगी देणे या स्वतंत्र बाबी आहेत. महानगरपालिका अधिनियमातील कलम २६७-अ मध्ये अनधिकृत बांधकामावर शास्ती आकारण्याची तरतूद असून ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हेही तेथेच नमूद आहे.

मौनाचा निर्णय :

या प्रश्नाच्या इतिहासात केलेल्या कारवाईइतकेच न केलेल्या कारवाईलाही महत्त्व आहे. नगरपालिकेचे मौन हे कायद्याच्या दृष्टीने परिणामशून्य नसते. १९०८ च्या मुदत कायद्यात सार्वजनिक रस्त्याचा ताबा परत मिळविण्यासाठी स्थानिक संस्थेस तीस वर्षांची मुदत होती व १९६३ च्या कायद्याच्या अनुच्छेद १११ मध्ये ती कायम ठेवण्यात आली. खासगी व्यक्तीस स्थावर मिळकतीचा ताबा मागण्यासाठी बारा वर्षे मिळतात. त्या तुलनेत ही सवलत मोठी आहे. परंतु तीस वर्षे म्हणजे केवळ एक पिढी. एका पिढीने दुर्लक्ष केले तर पुढच्या पिढीच्या वाट्याचा रस्ता वादग्रस्त होऊ शकतो. नगररचना कायद्यातही परवानगीच्या अर्जावर साठ दिवसांत निर्णय कळविला नाही तर, नियमांशी सुसंगत असलेल्या प्रस्तावास परवानगी मिळाल्याचे मानले जाते. दोन्ही ठिकाणी मौन हाच निर्णय ठरतो.

इंग्लंडमधील पद्धतीशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथील १९९० च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यानुसार नियोजनाच्या नियमांचा भंग झाला तरी कारवाई करणे उचित आहे काय, हे ठरविण्याचा विवेकाधिकार स्थानिक परिषदेस दिलेला आहे. म्हणजे कारवाई न करण्याचा निर्णयही विचारपूर्वक घेतलेला निर्णय समजला जातो. आपल्याकडे प्रकरण प्रलंबित ठेवणे हीच विवेकाधिकाराची रूढ रीत बनली. प्रलंबित प्रकरणात कारण लिहावे लागत नाही आणि कारण नसल्याने तक्रारदार शेजाऱ्यास दाद मागण्यासाठी ठाम आधारही मिळत नाही. याहून गंभीर बाब अशी की, एकाच आळीतील दहा ओट्यांपैकी नऊ ओट्यांबाबत मौन आणि एकाबाबत नोटीस असे घडले तर कायद्याची अंमलबजावणीही अन्यायाचे साधन वाटू लागते.

न्यायालयांनी घालून दिलेल्या मर्यादा :

या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाचे काही निर्णय मार्गदर्शक ठरले. १९७४ मध्ये उडुपी नगरपरिषदेसंबंधीच्या के. रामदास शेणॉय प्रकरणात, निवासी भागात योजनेविरुद्ध चित्रपटगृहास दिलेल्या परवानगीला तेथील रहिवाशाने आव्हान दिले होते. नगरपालिका स्वतःच नियम मोडीत असेल तर त्याची झळ पोहोचणाऱ्या रहिवाशास दाद मागता येते, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. शेजारी हा केवळ तक्रारखोर नसून कायदेशीर हितसंबंध असलेला नागरिक आहे, अशी त्यास मान्यता मिळाली. १९८० मध्ये रतलाम नगरपरिषदेच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निधीच्या अभावाची सबब सांगून नगरपालिकेस गटारे व स्वच्छतेचे मूलभूत कर्तव्य टाळता येणार नाही, असे बजावले.

१० जुलै १९८५ रोजीच्या ओल्गा टेलिस प्रकरणात मुंबईच्या पदपथांवरील झोपडीवासीयांचा प्रश्न होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने मुंबई महानगरपालिका कायद्याचे कलम ३१४ वैध ठरविले. पदपथावर कायम वास्तव्याचा हक्क कोणासही नाही, हे सांगतानाच उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात समाविष्ट आहे आणि नोटीस न देता अतिक्रमण हटविण्याचा अधिकार केवळ अपवादात्मक परिस्थितीत वापरावा, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे रस्ता सर्वांचा हे जितके खरे, तितकेच काढून टाकण्यापूर्वी ऐकून घेणे आवश्यक हेही खरे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस व सुनावणी यांसंबंधी देशव्यापी निर्देश दिले. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा व जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना मात्र ते लागू केले नाहीत. सार्वजनिक रस्त्याचे वेगळेपण कायद्यात आजही टिकून आहे, याचा हा अलीकडील पुरावा होय.

नगरपरिषदेकडून महानगरपालिकेकडे :

२०११ च्या जनगणनेनुसार पनवेल नगरपरिषद क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार होती. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने परिसराचा कायापालट केला. आखीव भूखंड, रुंद रस्ते आणि स्वतंत्र पदपथ असलेली नवी वसाहत जुन्या पेठेच्या शेजारी उभी राहिली. २०१६ मध्ये खारघर, कामोठे, कळंबोली या वसाहती व लगतची गावे जुन्या पनवेलसह एकाच महानगरपालिकेत आली. आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू झाला. त्याच्या कलम २३१ नुसार रस्त्यावर नियमबाह्य रीतीने उभारलेली वा ठेवलेली वस्तू आयुक्तांना नोटिशीशिवायही हटविता येते.

सत्तेचा केंद्रबिंदू अशा रीतीने आळीतील सभासदाकडून आयुक्तांच्या कार्यालयाकडे सरकला. परिचयाच्या संकोचातून होणारी दिरंगाई यामुळे कमी होण्याची शक्यता निर्माण झाली, परंतु स्थानिक रचनेचे भान हरपण्याची भीतीही वाढली. मार्च २०१८ मध्ये पनवेलच्या सभागृहाने तत्कालीन आयुक्तांविरुद्ध अविश्वासाचा ठराव संमत केला. त्यामागे अनेक कारणे होती. तथापि लोकनियुक्त सभागृह आणि शासननियुक्त प्रशासक यांच्यातील ताण १८५२ पासून आजतागायत मिटलेला नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येईल. शिवाय गावठाणातील आठ फुटी बोळ आणि खारघरमधील आखीव रस्ता यांना एकच मापदंड लावणे कितपत न्याय्य, हा नवा प्रश्नही उभा राहिला. बोळातील पायरी काढली तर घरात जाण्याची वाटच बंद होते. आखीव वसाहतीत पदपथ व्यापणाऱ्या दुकानदारास तशी सबब सांगता येत नाही.

निष्कर्ष :

१) पनवेलमधील रस्त्याकडेच्या बांधकामांचे मूळ हवामान, व्यापार व वास्तुरचना यांच्या गरजांत आहे. त्यामुळे प्रत्येक ओटा लोभाचे प्रतीक मानणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र गरजेने सुरू झालेली सवय सार्वजनिक रस्त्यावर हक्क निर्माण करू शकत नाही.
२) १९०१ ते १९६५ या काळात कायद्याच्या तरतुदींत सातत्य राहिले. उणीव कायद्यात कमी आणि निर्णयप्रक्रियेत अधिक होती. नियम करणारे, मोडणारे व तक्रार करणारे एकाच आळीतील असल्याने प्रलंबित ठेवणे हा सर्वांच्या सोयीचा मार्ग ठरला.
३) नगरपालिकेचे मौन हाही निर्णय असतो व मुदतीच्या कायद्यामुळे त्याची किंमत पुढील पिढीस द्यावी लागते. म्हणून कारवाई न करण्याची कारणे लेखी नोंदविणे व ती तक्रारदारास कळविणे आवश्यक आहे.
४) समान परिस्थितीतील सर्व मिळकतींची एकत्रित मोजणी करून रस्तारेषा जाहीर केल्यास एकट्यादुकट्यावर नोटीस बजावल्याची भावना राहणार नाही आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध अर्ज करण्याची वेळही कमी येईल.
५) गावठाण व आखीव वसाहत यांच्यासाठी कायदा एकच असला तरी त्याचा अंमल जागेची रचना पाहून, ऐकून घेऊन आणि कारणे देऊन व्हावा.

एखाद्या नगरपालिकेची कसोटी तिने बांधलेल्या इमारतींवरून घेतली जाते. पनवेलचा दीर्घ अनुभव असे सुचवितो की ही कसोटी दोन घरांच्या मधल्या गटारावर आणि त्याविषयीच्या एका साध्या अर्जाला मिळालेल्या उत्तरावरही घेतली पाहिजे.